सगोत्र

रायपुरात सुधाकरला कुणी नुसतं सुधाकर म्हणत नाही. भनपुरीकडच्या शाळेत तो सर, आणि बूढापारा, पुरानी बस्तीतल्या मराठी घरांत तो गुरुजी. पहाटे उठून कुणाच्या तरी देवघरासमोर अभिषेक सांगायचा, सोवळं पिशवीत कोंबून स्कूटरला अडकवायचं, शर्ट-पँट चढवायची आणि तिथूनच शाळा गाठून बारावीला जीवशास्त्र शिकवायचं, हा त्याचा तरुणपणापासूनचा क्रम. वडिलांनी भिक्षुकी शिकवली, कॉलेजनं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि एकट्या कुठल्याच शिक्षणावर घर भागत नव्हतं म्हणून त्यानं दोन्ही कामाला जुंपली. ह्यात काही तत्त्वज्ञान नव्हतं. लोकांनी मात्र ते शोधून काढलं.

लोक म्हणजे दोन्हीकडचे. स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीचे साहू सर दर चतुर्थीला हटकून विचारायचे, "पंडितजी, आज भगवान की पूजा है कि बंदर की?" आणि यजमानांकडे पूजा आटोपून पानावर बसलं, की एखादे रिटायर्ड बँकवाले श्रीखंड वाढता वाढता खाकरून म्हणायचे, "गुरुजी, तुम्ही म्हणे शाळेत शिकवता, माणूस माकडापासून झाला. मग आत्ता आमच्याकडून जे म्हणून घेतलं ते काय होतं?" माकडापासून नाही हो, माकडाचे आणि आपले पूर्वज एक, हे वाक्य सुधाकर इतक्यांदा बोलला होता, की ते बोलताना त्याचं लक्ष आमटीकडे असायचं. भुकेल्या माणसाला निदान जेवू तरी द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तरुणपणी त्याच्याकडे तयार उत्तर होतं, दशावताराचं. आधी मासा, मग कासव, मग डुक्कर, मग अर्धा सिंह अर्धा माणूस, बघा, आपल्या लोकांना सगळं ठाऊक होतं. यजमान खूश, वर्ग खूश, हेडमास्तर तर फारच खूश. पुढं पुढं मात्र ह्या उत्तराची त्याला लाज वाटायला लागली. उत्क्रांतीला कुठं पोचायचं आधीपासून ठरलेलं नसतं, हेच तर तो फळ्यावर शिकवत होता. आणि विष्णू काही तळ्यातलं पाणी आटलं म्हणून कासव झाला नव्हता. त्या उत्तरात धडाही खोटा पडत होता आणि देवही. त्यानं ते सोडून दिलं, आणि त्याजागी दुसरं काही सापडलं नाही.

बरं, दोन्हीपैकी एक गोष्ट ढोंग असती तर सोपं झालं असतं. तसंही नव्हतं. उत्क्रांतीचा धडा त्याला पुरता पटलेला होता. आणि भाद्रपदात नव्या मूर्तीच्या छातीला दूर्वा लावून प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणताना त्याच्या अंगावर काटा यायचा, तोही खरा होता. ह्या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि साठी जवळ आल्यावर ते शोधायची हौसही उरली नव्हती. गुडघे दुखत होते. घसा बसत होता. दहावीच्या पुस्तकातून तो धडा निघाला तेव्हा साहू सर पेढे मागायला आले. बारावीत धडा राहिला, आणि प्रश्नही राहिले.

आता श्यामरावांचं सांगायला हवं.

श्यामराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते, आणि निवृत्त झाल्यावर भनपुरीत घर बांधून राहिले. बऱ्याच वर्षांमागं त्यांची बायको गेली, तेव्हा दिवसांच्या विधीला सुधाकरला बोलावलं होतं. संकल्प सांगताना त्यानं नेहमीसारखं विचारलं, "गोत्र?" सोवळं नेसून बसलेल्या श्यामरावांनी मान खाली घातली.

"मले माहीत नाही, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "मी गोंदियाच्या फलाटावर सापडलो. भीमाबाई म्हणून पॉइंट्समनची बायको होती, विधवा. तिनं वाढवलं. नाव तिनंच ठेवलं. मागचं काही नाही."

सुधाकरला शाळेत तास होता आणि उशीर झाला होता. "मग काश्यप म्हणा," त्यानं सांगून टाकलं. ही जुनी रीत आहे. ज्याला गोत्र माहीत नाही त्यानं काश्यप सांगावं, कारण पुराणात कश्यप ऋषी सगळ्यांचाच बाप. देव त्याचे, दैत्य त्याचे, नाग, गरुड, गाई, पाखरं, सगळी त्याचीच प्रजा. कुठलाही भिक्षुक हे एका दमात सांगून पुढं जातो. पण श्यामरावांनी विचारलं, "काश्यपच काहून?" मग सुधाकरनं ते सगळं समजावलं, आणि समजावता समजावता, कुठल्याच यजमानाला कधी सांगितली नव्हती अशी एक गोष्ट त्याच्या तोंडून गेली.

"मी शाळेत शिकवतो तेही हेच आहे, श्यामराव. नावं वेगळी. पाखरू, कासव, माणूस, मागं मागं जात गेलं की सगळ्यांचं मूळ एकच निघतं. कोणीच बिनवारशी नसतो."

"म्हणजे मी बी कोणाचा तरी आहो?"

"आहात ना."

श्यामरावांनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले. सुधाकरनं विधी उरकला आणि स्कूटरला किक मारली. त्याच्यापुरता विषय तिथं संपला होता.

श्यामरावांचा तिथून सुरू झाला. त्यांनी गोत्राचे प्रवर, म्हणजे मूळ ऋषींची नावं, पाठ केले, काश्यप, अवत्सार, नैध्रुव. दर अमावास्येला तर्पण करायला लागले, तेही सुधाकरकडून शिकून घेऊन. कुणाच्या सत्यनारायणाला गेले, की शेजारच्या माणसाला त्याचं गोत्र विचारायचे, म्हणजे मग आपलं सांगता येतं. सुधाकरचं स्वतःचं गोत्रही काश्यपच, पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं, पण ते त्यानं कधी इतक्या थाटात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला श्यामरावांची गंमत वाटायची, आणि थोडं बरंही वाटायचं.

अशात सुधाकरची मुलगी अबोली आणि श्यामरावांचा नातू अभिनव यांचं जमलं. अबोली एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, अभिनव नव्या रायपुरात कॉम्प्युटरच्या नोकरीत. मंडळाच्या गणपतीची वर्गणी गोळा करायला दोघं एकत्र फिरायची. वर्गणी कमी आणि फिरणं जास्त होतंय, हे मंडळाच्या उशिरा लक्षात आलं. सुधाकरची बायको शर्मिष्ठा हिला मुलगा पसंत होता. नागपूरच्या नातेवाइकांनी, "मुलाकडचे मूळचे कोण, कुठले," असं फोनवर फिरून फिरून विचारलं, तेव्हा "रेल्वेतले" एवढं सांगून तिनं फोन ठेवला. म्हणजे अडचण यायची ती तिथून आली असती, आणि ती आली नाही.

एका संध्याकाळी सुधाकर, शर्मिष्ठा आणि अबोली बोलणी करायला भनपुरीला गेले. अभिनवचे वडील कमी बोलणारे, त्या घरात शब्द म्हाताऱ्याचा. चहा झाला, चिवडा झाला, अभिनव उगाच आतबाहेर करून राहिला होता. श्यामरावांनी कपबशी खाली ठेवली.

"गुरुजी, तुमची पोट्टी म्हणजे लक्ष्मी. माझ्या घरी आली असती तं मी धन्य झालो असतो. पण हे जमत नाही."

"काहून जमत नाही?" शर्मिष्ठानं विचारलं.

"आपण सगोत्र आहोत ना."

अबोली हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. श्यामराव हसले नाहीत. "मी आड येणार नाही," ते म्हणाले. "पोट्ट्यांनी कोर्टात जाऊन लगन केलं तं करू द्या. पण मी मांडवात येणार नाही. एका गोत्राचे म्हणजे बहीण-भाऊ. ते मले पाहवणार नाही."

"क्या आजोबा आप भी," अभिनव पुटपुटला.

घरी आल्यावर अबोलीनं सांगितलं, की अभिनवला आजोबांशिवाय लग्न करायचं नाही. आईवडील नोकरीत, त्याला वाढवलं म्हाताऱ्यानं. त्याचा मेसेज आला होता, आजोबा नहीं आएँगे तो मैं मंडप में नहीं बैठूँगा. ह्यावर ती अभिनववर चिडली, आजोबांवर चिडली, आणि शेवटी जिथं यायचं तिथं आली.

"बाबा, सीधी बात है. तुम्ही त्यांना सांगा, की ते गोत्र असंच दिलं होतं. माहीत नव्हतं म्हणून. किस्सा खतम."

"तुम्हीच दिलं, तुम्हीच परत घ्या," शर्मिष्ठा म्हणाली. "एवढं काय त्यात?"

"आणि साइंसनं पाहिलं तं आणखी सोपं," अबोली म्हणाली. "लॅबमध्ये कोणाचंही रक्त आणा. मी, तुम्ही, अभिनव, साहू अंकल, सब कज़िन हैं. जवळचे नाही तर लांबचे. मग काय कोणी कोणाशी लग्नच नाही करायचं? तुम्हीच तं शिकवलं मला."

त्यानंच शिकवलं होतं. तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आणि धर्मशास्त्राच्या बाजूनंही तिचंच खरं होतं, ते गोत्र म्हणजे रिकाम्या जागी भरायचा शब्द होता. दोन्हीकडून वाट मोकळी होती, फक्त जाऊन सांगायचं होतं. "रविवारी जातो," तो म्हणाला, आणि न जेवताच आडवा झाला.

त्या आठवड्यात नेमका वर्गात तोच धडा होता. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, एक बात पूछूँ? आप सच में ये मानते हो?"

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि दरवर्षी सुधाकर ठरलेलं काहीतरी सांगून पुढच्या पानावर जातो. ह्या वेळी तो खडू हातात धरून उभाच राहिला. "मानता हूँ," तो म्हणाला. "वही तो मुसीबत है." वर्ग हसला. त्यालाही हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही.

रविवारी अमावास्या होती. सुधाकर पोचला तेव्हा श्यामराव अंगणात पाटावर बसून तर्पण करत होते. समोर ताम्हण, बोटांत काळे तीळ. बायकोच्या नावानं पाणी सोडलं. आईच्या जागी भीमाबाईच्या नावानं सोडलं. बापाच्या पाळीला ते क्षणभर थांबले, ओठ हलले, नाव आलं नाही, पाणी तेवढं सोडलं. शेवटी सगळ्या जीवमात्रांसाठी ओंजळभर. त्यांचे उच्चार इतके चुकत होते, की दुसऱ्या कुणाचे असते तर सुधाकरनं टोकलं असतं. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिला.

"श्यामराव," सगळं आवरल्यावर त्यानं सुरुवात केली, "त्या दिवशी मी तुम्हाला गोत्र सांगितलं ना..."

"तुम्ही घाईत होते," श्यामराव म्हणाले. "मले माहीत आहे."

सुधाकरनं खुर्ची पुढं ओढली.

"पुरानी बस्तीत एका महाराजांना विचारलं होतं मी. त्याच साली. ते हसले. म्हणे, जिसका कोई नहीं, उसका कश्यप. धर्मशाळेसारखं आहे म्हणे, कोणीही या अन् झोपा. दोन दिवस अन्न गेलं नाही मले."

"मग?"

"मंग तुमची ते दुसरी गोष्ट आठवली, शाळेतली. अभिनव बारावीत गेला तं त्याचं पुस्तक घेऊन बसलो. इंग्रजी काही येत नाही, चित्रं पाहिली. एक म्हातारा होता त्यात, ही एवढी दाढी. म्हटलं, हाच कश्यप असन." सुधाकरला ते चित्र कुणाचं ते माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही. "पोट्ट्याले विचारलं, काय लिवलं आहे? तो म्हणे, सबका मूल एक है, आजोबा. बस. म्हटलं, गुरुजींनी मन राखाले सांगतलं असन. पण पुस्तक काहून मन राखन? त्या पुस्तकाले मी कोण लागतो?"

आत कुकरची शिट्टी झाली. श्यामराव तीळ पुडीत परत भरत होते, एकेक टिपून.

"तुम्ही आज म्हणा, ते गोत्र उगीच होतं. मी मानीन. बापाचा जीव आहे, मी समजतो. पण मंग ते शाळेतलं बी उगीच होतं काय, तेवढं सांगा. दोन्ही उगीच असन तं मी पुन्हा फलाटावर."

सुधाकरनं प्रयत्न केला. इतक्या वर्षांचा मास्तर, समजावल्याशिवाय कसा राहील? "शाळेतलं उगीच नाही हो. पण त्या हिशेबानं तर सगळेच नात्यात येतात. मग कुणाचंच लग्न होणार नाही. नातं फार लांबचं झालं, की चालतं."

"माझं अन् तुमचं किती लांबचं आहे?"

"सांगता येत नाही तसं. पण लांबचंच म्हणायचं."

"मले जन्मात एक नातं भेटलं, गुरुजी," श्यामराव म्हणाले. "ते बी तुम्ही लांबचं म्हणता."

सुधाकरला एकदम रडू आलं, आणि रागही आला. आयुष्यभर लोकांनी त्याला, दोन्हीतलं कुठलं खरं, एवढंच विचारलं होतं. साहू सरांना देव खोटा ठरवून हवा होता, यजमानांना धडा खोटा ठरवून हवा होता, आणि आता पोटच्या पोरीला सोयीपुरतं दोन्हीतलं थोडं थोडं हवं होतं. हा एकच माणूस असा भेटला, की ज्यानं त्याचे दोन्ही शब्द पूर्ण खरे धरले आणि त्यावर घर बांधून राहिला. ते घर आज सुधाकरनं स्वतः येऊन पाडायचं होतं. त्याच्यानं ते होईना.

"उगीच नव्हतं," तो म्हणाला. "तेही नव्हतं आणि हेही नव्हतं."

"मंग आपण सगोत्र."

"हो. सगोत्र."

श्यामरावांनी मान हलवली. त्यात जिंकल्याचा भाव नव्हता, उलट चेहरा पडला होता, कारण नातवाचं लग्न त्यांनाही हवंच होतं. सुधाकर खुर्चीतून उठता उठता सवयीनं बोलून गेला, अडलेल्या यजमानाला सांगावं तसं. "शास्त्रात वाट आहे एक. मुलगी आधी मामाला दत्तक द्यायची. आमच्या ऋषिकेशचं गोत्र भारद्वाज. मग ती भारद्वाज होते."

"मंग लगन चालते?"

"चालते."

"कन्यादान कोण करन मंग?"

"मामा-मामी."

"अन् तुम्ही?"

तेव्हा कुठं सुधाकरला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. तो पुन्हा खुर्चीत बसला. "मी मंत्र सांगीन," तो म्हणाला.

"एवढं नका करू, गुरुजी," श्यामराव घाबरून म्हणाले. "मले एवढं नको होतं."

"आता बोलून झालं."

घरी जे झालं ते व्हायलाच हवं होतं. अबोलीनं आधी विश्वास ठेवला नाही, मग आवाज चढवला. "मुझे पूछा? एका म्हाताऱ्याला खरं सांगायची हिंमत नाही, म्हणून मला दत्तक देऊन राहिले तुम्ही?"

"खरं सांगूनच आलो."

"क्या सच? बाबा, दोन्हीतलं एक सोडा. एक तं पंडित व्हा, नाहीतर साइंस टीचर व्हा. सगळ्यांचे बाप एका बाजूला उभे राहतात."

"सोडायला पण ताकद लागते ग," तो म्हणाला. "मी फार थकलो आहे."

शर्मिष्ठा आरडाओरडा करणारी नव्हे. ती ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिनं गॅस बंद केला. "तुमचं गोत्र, तुमचा धडा, तुमचे श्यामराव," ती म्हणाली. "ह्यात मी कुठं आहे? मांडवात माझी वहिनी पोरीच्या हातावर पाणी सोडणार. मी काय करू? पंगतीत पापड वाढू?"

भनपुरीच्या त्या अंगणात सुधाकरला शर्मिष्ठाची आठवणच झाली नव्हती. स्वतःचं गेलं एवढंच त्याला दिसलं होतं. "चुकलं," तो म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं." ती कामापुरतं बोलत राहिली, आणि त्या घरात त्यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती.

मग एक दिवस अबोली ड्यूटीवरून परस्पर भनपुरीला गेली, म्हाताऱ्याशी भांडायला. आली ती शांत होऊन. चप्पल काढता काढता म्हणाली, "मी पाणी बी नाही प्यायले आणि त्यांनी विचारलं, बेटा, तुमच्या लॅबमध्ये रक्त पाहून सांगता येते काय, मी कोणाचा आहो?"

"तू काय म्हटलं?" शर्मिष्ठानं विचारलं.

"मी म्हटलं, कोणाचे ते नाही सांगता येत. पण कोणाचे तरी आहात, एवढं येते." तिनं चप्पल कोपऱ्यात सरकवली. "कर दो, बाबा, जो करना है. कागज पे तो आपका ही नाम रहेगा."

शर्मिष्ठानं होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. पण पत्रिका छापायला टाकताना तिनं निमंत्रकांत भावाचं आणि वहिनीचं नाव स्वतःच वर घातलं.

ऋषिकेश बायकोला घेऊन नागपूरहून आला. लग्नाच्या आदल्या दिवशी दत्तकाचा विधी झाला. कायद्याला असल्या दत्तकाशी काही देणंघेणं नाही, घरातल्या घरात उरकायचा प्रकार. देणाऱ्यानं "दिली" म्हणायचं, घेणाऱ्यानं "घेतली" म्हणायचं. ऋषिकेश एरवी फार थट्टेखोर माणूस, पण त्यालाही "घेतली" म्हणताना काही सुचेना, त्यानं अबोलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भाचीला उगाच थोपटत राहिला. सुधाकर "दिली" स्पष्ट म्हणाला. पुरोहितही तोच असल्यामुळं, आधी त्यानं वाक्य सांगितलं आणि मग स्वतःच ते मागून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात गर्दी होती. साहू सर आले होते, बँकवाले आले होते. श्यामराव नवं धोतर नेसून, टोपी घालून नातवाच्या मागं खुर्चीवर बसले होते. मामा-मामी अबोलीच्या बाजूला पाटावर, मामीच्या हातात झारी. शर्मिष्ठा बाजूच्या खांबाजवळ बायकांत उभी होती. सुधाकर समोर बसून सांगत होता आणि सगळे त्याच्या मागून म्हणत होते.

कन्यादानात दोन्हीकडच्या तीन पिढ्या उच्चारायच्या असतात, तीनदा. अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची मुलगी. तसंच मग मुलाचं. सुधाकरनं आधी मुलीकडचं घेतलं. भारद्वाज गोत्र, ऋषिकेशचे आजोबा, ऋषिकेशचे वडील, ऋषिकेश. शेकडो लग्नांत त्यानं ही वाक्यं म्हटली होती, जीभ आपोआप चालली. स्वतःच्या मुलीला तो दुसऱ्याची मुलगी म्हणाला, आणि काही झालं नाही. हात ताम्हणावर नीट होता. इतका थकला होता, की दुःखही आता उशिरानं येईल असं त्याला वाटलं.

मग मुलाकडचं आलं. काश्यप गोत्र. मुलगा अमक्याचा, नातू श्यामरावांचा, पण वाक्याची सुरुवात पणजोबापासून होते. श्यामरावांच्या बापाचं नाव हवं होतं. नाव माहीत नसेल तिथं देवाचं एखादं नाव घालून पुढं जायची सोय आहे, आणि तसंच करायचं त्यानं घरून ठरवून आणलं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, त्र्यंबकाचा पणतू.

खांबाजवळ शर्मिष्ठानं मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून दर पितृपक्षात ह्या नावासाठी तिनं भात शिजवला होता. ती तिथून निघाली, बायकांमधून वाट काढत पुढं आली आणि सुधाकरच्या पाठीशी येऊन उभी राहिली. सुधाकरनं दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. अभिनव आणि त्याचे वडील निमूट मागून म्हणत होते, त्यांना त्यात वेगळं काही दिसलं नव्हतं.

श्यामराव खुर्चीतून पुढं वाकले. "गुरुजी," ते हळूच म्हणाले, "हे कोणाचं नाव घेतलं?"

"आमच्या आजोबांचं," सुधाकर ताम्हणाकडे बघत म्हणाला. "आज आमच्याकडे त्यांना काही काम नव्हतं."

श्यामरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ओठांतल्या ओठांत, नवीन शब्द म्हणून पाहावा तसं, त्यांनी आपलं नाव बापाच्या नावासकट म्हणून पाहिलं, "श्यामराव त्र्यंबकराव." पुन्हा एकदा म्हटलं, थोडं मोठ्यानं.

मामी झारी धरून वाट बघत होती. सुधाकरनं उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले आणि पुढचा मंत्र सांगितला.